डेटा संरक्षण कायदा आणि आमची नऊ जणांची कंपनी: सूट आहे का, आणि नसेल तर सुरुवात कुठून करावी?

वागळेवासी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ठाण्यात वागळे इस्टेटमधील एका जुन्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमची नऊ जणांची कंपनी चालते. शाळेची बस कुठवर आली आहे हे पालकांना मोबाइलवर दाखवणारे ॲप आम्ही बनवतो. ठाणे, ऐरोली आणि नेरूळ येथील अकरा शाळा सध्या आमच्याकडे आहेत. पावसाळ्यात घोडबंदर रस्ता तुंबला की पालकांची ॲपवर झुंबड उडते. लोकांच्या खोळंब्यावर आमचा धंदा चालतो, हे मान्य करायला थोडे अवघड वाटते.

गेल्या महिन्यात त्यांपैकी एका मोठ्या शाळेने कराराच्या नूतनीकरणापूर्वी आम्हाला चौसष्ट प्रश्नांची यादी पाठवली. तुमचा डेटा संरक्षण अधिकारी कोण, मुलांची माहिती किती काळ ठेवता, माहिती फुटल्यास किती तासांत कळवाल, असे ते प्रश्न आहेत. एका सल्लागार संस्थेने हे सारे मार्गी लावण्याचे ३ लाख ८० हजार रुपये सांगितले. माझ्या भागीदाराचे म्हणणे असे की स्टार्टअपना २०२३ च्या कायद्यात सूट आहे, शिवाय मुख्य तरतुदी मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत, तेव्हा आज कशाला घाई करायची? मला मात्र हे पटत नाही, पण का पटत नाही हेही नीट सांगता येत नाही. आम्हाला खरोखर सूट आहे का, आणि नसेल तर खिशाला झेपेल अशी सुरुवात कुठून करावी, यावर जाणकारांनी मत द्यावे.

तिरकस

चौसष्ट प्रश्न म्हणजे चौसष्ट कलाच झाल्या. करारावर सही माघी गणपतीच्या मुहूर्तावर करा, देव सांभाळून घेईल. (जाणकारांच्या प्रतीक्षेत आहे. खुर्ची पकडून बसलो आहे.)

बेलापूरचा वकील

धागाकर्त्यांच्या भागीदारांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे हे पूर्ण खोट्यापेक्षा अधिक महाग पडते.

आधी तारखा पाहू. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती ११ ऑगस्ट २०२३ रोजी मिळाली, पण नियम येईपर्यंत तो कागदावरच होता. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. डेटा संरक्षण मंडळाविषयीच्या (हेच तक्रारी ऐकून दंड ठरवते) तरतुदी लगेच लागू झाल्या, संमती व्यवस्थापकांच्या, म्हणजे लोकांच्या वतीने त्यांच्या संमती सांभाळणाऱ्या संस्थांच्या, नोंदणीला एक वर्षाची मुदत आहे, आणि नोटीस, संमती, सुरक्षा, मुलांची माहिती इत्यादी बाबी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. मात्र तोवर रान मोकळे आहे असे कोणी समजू नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ४३अ (संवेदनशील माहिती निष्काळजीपणे हाताळल्यास भरपाई) आणि त्याखालील २०११ चे नियम दरम्यानच्या काळात जिवंतच आहेत.

आता सूट. कलम १७ च्या उपकलम ३ मध्ये स्टार्टअपचा उल्लेख आहे, पण ही सूट आपोआप मिळत नाही. माहितीचे प्रमाण आणि स्वरूप लक्षात घेऊन केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे काही संस्थांना ती देऊ शकते, एवढेच तिथे म्हटले आहे. शिवाय स्टार्टअप म्हणजे खाजगी कंपनी, भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी), आणि तीही सरकारी विभागाने तशी मान्यता दिलेली असावी लागते. दारावर पाटी लावून कोणी स्टार्टअप होत नाही. आणि सूट मिळाली तरी ती कलम ५ (नोटीस), कलम ८ ची उपकलमे ३ व ७ (माहितीची अचूकता आणि ती पुसणे), कलम १० (सरकारने ‘महत्त्वपूर्ण’ ठरवलेल्या संस्थांची वाढीव बंधने) आणि कलम ११ (आपली माहिती मागून पाहण्याचा हक्क) एवढ्यापुरतीच असेल. सुरक्षिततेची जबाबदारी आणि माहिती फुटल्यास कळवण्याचे बंधन या यादीत नाही. मुलांविषयीचे कलम ९ देखील नाही. तुमचा सगळा व्यवसाय मुलांचा आहे, त्यामुळे तुमच्यासाठी ही सूट म्हणजे पावसात नुसती टोपी.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. डेटा संरक्षण अधिकारी नेमण्याची सक्ती केवळ सरकारने ‘महत्त्वपूर्ण’ ठरवलेल्या संस्थांना आहे. तो प्रश्न शाळेने कुठल्या तरी बँकेच्या नमुन्यातून उचललेला दिसतो. तिथे ‘लागू नाही’ असे लिहून माहितीविषयी उत्तर देणाऱ्या व्यक्तीचा संपर्क द्या, कारण तो प्रसिद्ध करणे मात्र सर्वांनाच बंधनकारक होणार आहे.

खारीगावचा कारखानदार

मी वेगळे बोलणार आहे, मंडळींनी राग मानू नये. कळव्याच्या बाजूला माझा छोटा उद्योग आहे आणि पंचवीस वर्षांत मी असे अनेक कायदे येताना पाहिले. प्रत्येक वेळी मोठ्यांकडे वकिलांची फौज असते आणि लहानांच्या वाट्याला फक्त फायली येतात. या कायद्यातला अडीचशे कोटींचा दंड नऊ जणांच्या कंपनीला लावणार का? लावला तर वसूल कोणाकडून करणार, पोटमाळ्याकडून? सगळीकडे हा आकडा सांगून घाबरवण्याचा धंदा चालू आहे, आणि धागाकर्त्यांना आलेला ३ लाख ८० हजारांचा प्रस्ताव हे त्याचेच उदाहरण आहे.

बेलापूरचा वकील

कारखानदारसाहेब, भीतीच्या धंद्याविषयी आपण बोललात ते मला मान्य आहे. २५० कोटी ही कमाल मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे. सुरक्षिततेचे वाजवी उपाय न केल्याबद्दल २५० कोटींपर्यंत, माहितीचा भंग (म्हणजे ती फुटणे) न कळवल्याबद्दल किंवा मुलांविषयीची बंधने मोडल्याबद्दल २०० कोटींपर्यंत, अशी कायद्यातील दंडाची अनुसूची आहे. कलम ३३ नुसार मंडळाने भंगाचे गांभीर्य, कालावधी, माहितीचा प्रकार, पुनरावृत्ती, नुकसान कमी करण्यासाठी काय केले आणि त्या व्यक्तीवर दंडाचा काय परिणाम होईल, हे सारे पाहायचे आहे. त्यामुळे लहान कंपनीने आकडा पाहून झोप उडवून घेण्यापेक्षा आपण काय काय केले याची नोंद ठेवणे अधिक शहाणपणाचे.

पण आपला मूळ मुद्दा मला एका कारणाने अपुरा वाटतो. धागाकर्त्यांकडे मंडळ आलेलेच नाही, त्यांच्याकडे ग्राहक आला आहे. दंड २०२७ नंतरची गोष्ट असेल, करार मात्र याच महिन्यात हातचा जाऊ शकतो.

ऐरोलीकर

मी गेली चौदा वर्षे ऐरोली आणि महापे येथील कंपन्यांत सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो. युरोपातील ग्राहकांमुळे २५ मे २०१८ रोजी जीडीपीआर हा तिकडचा डेटा संरक्षण कायदा लागू होताना झालेली धावपळ मी जवळून पाहिली आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की धोरणाचा मसुदा लिहिण्यापासून सुरुवात करू नका. आधी आपल्याकडची माहिती कुठे कुठे पडली आहे ते शोधा.

पूर्वीच्या एका कंपनीत (नाव सांगत नाही) आमचे गोपनीयतेचे धोरण बावीस पानी आणि अत्यंत देखणे होते. चाचणीसाठी कोणीतरी खऱ्या ग्राहकांची सगळी माहिती एका दुसऱ्या सर्व्हरवर उतरवून घेतली होती, त्याला पासवर्ड नव्हता, आणि ती आठ महिने तशीच उघडी होती. अखेर एका महाविद्यालयीन मुलाने सौजन्याने ईमेल करून कळवले. आमच्या साहेबांना आधी वाटले की हा खंडणी मागतो आहे. पुढचे तीन दिवस आम्ही फक्त एवढेच शोधत होतो की त्या सर्व्हरवर नेमकी कोणाची माहिती होती. दार बंद करायला दहा मिनिटे पुरली, दारातून काय बाहेर गेले ते शेवटपर्यंत पूर्ण कळले नाही, कारण नोंदीच ठेवलेल्या नव्हत्या.

नव्या नियमांखाली असे तीन दिवस कोणाला न कळवता शोधत बसता येणार नाही. भंग लक्षात येताच संबंधित व्यक्तींना आणि मंडळाला विनाविलंब कळवायचे, आणि मंडळाला सविस्तर तपशील ७२ तासांत द्यायचा आहे. त्याखेरीज सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश आजही लागू आहेत, आणि त्यांत सायबर घटना सहा तासांत कळवण्याची अट आहे. आपल्या कायद्यात किरकोळ भंग आणि मोठा भंग असा उंबरठाही ठेवलेला नाही. एका पालकाची माहिती चुकून दुसऱ्याला गेली तरी तो भंगच.

वागळेवासी, एक कोरा तक्ता घ्या आणि प्रत्येक माहितीपुढे ती कुठून येते, कुठे बसते, कोण पाहू शकते आणि कधी जाते हे लिहा. नऊ जणांच्या कंपनीला दोन दिवस लागतील. त्यासाठी सल्लागार लागत नाही, फक्त खरे बोलायची तयारी लागते.

माजिवड्याची आई

मी कायदा जाणत नाही, पण मी ज्यांच्या माहितीविषयी तुम्ही बोलत आहात त्यांपैकी एक आहे. माझी मुलगी चौथीत आहे. आमच्या बसच्या ताईंनी सोयीसाठी एक व्हॉट्सॲप गट केला आहे, आणि त्यात रोज सकाळी बसमध्ये बसलेल्या मुलांचे छायाचित्र येते. हेतू चांगला आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्या गटात एकशे चाळीस सदस्य आहेत, त्यांतील कित्येकांची मुले शाळा सोडून गेली आहेत, आणि कोणते मूल कोणत्या थांब्यावर किती वाजता एकटे उभे असते हे त्या सर्वांना ठाऊक आहे. शिवाय एप्रिल महिन्यात मला उन्हाळी शिबिराच्या जाहिराती येऊ लागल्या, त्यांत मुलीची इयत्ता अचूक लिहिलेली होती. मी ती माहिती केवळ बससाठी दिली होती. कारखानदारकाका, आपण म्हणता तसे फायलींचे ओझे खरेही असेल, पण या बाजूलाही कोणीतरी उभे आहे.

खारीगावचा कारखानदार

माई, तुमच्यापुढे मी गप्प बसतो. माझी नातही बसनेच जाते.

तिरकस

अवांतर: आमच्या सोसायटीच्या फाटकावर पाहुण्यांचा मोबाइल क्रमांक, छायाचित्र आणि भेटीचे कारण ॲपमध्ये भरावे लागते. गेल्या रविवारी माझ्या सासूबाईंनी कारणाच्या रकान्यात ‘जावयाची खबर घेणे’ असे लिहिले. ही माहिती पुसण्याची विनंती मला करता येईल का?

बेलापूरचा वकील

ती माहिती सासूबाईंची आहे, त्यामुळे विनंतीही त्यांनाच करावी लागेल. विनोद बाजूला ठेवला तर उदाहरण योग्य आहे. फाटकावरची वही या कायद्यात येत नाही, पण तीच वही संगणकावर चढवली की येते. माहिती कशासाठी व कशी वापरायची हे सोसायटी ठरवत असेल, तर सोसायटी ही माहितीची विश्वस्त, म्हणजे कायद्याच्या भाषेत डेटा फिड्युशिअरी, आणि ॲपवाली कंपनी तिच्या वतीने काम करणारी प्रोसेसर.

हाच फरक वागळेवासींना लागू पडतो. शाळेने सांगितले तेवढेच तुम्ही करत असाल तर विश्वस्त शाळा आहे, आणि कायदा जाब शाळेला विचारतो, म्हणूनच शाळेने तुम्हाला चौसष्ट प्रश्न विचारले. पण माईंनी सांगितलेला शिबिराच्या जाहिरातीसारखा प्रकार तुमच्याकडे होत असेल, तर त्या कामापुरते तुम्ही स्वतःच विश्वस्त झालात.

मुलांच्या बाबतीत अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे. पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांचा माग काढणे किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिरात करणे यांस मनाई आहे. नियमांच्या चौथ्या अनुसूचीत शाळेने मुलांच्या वाहतुकीसाठी नेमलेल्यांना यातून सवलत आहे, पण ती केवळ सुरक्षिततेसाठी, आणि शाळेत जाता-येता मुलाचे ठिकाण पाहण्यापुरती. ‘वाहतुकीसाठी नेमलेला’ या शब्दांत बसचा ठेकेदार निश्चित बसतो, नुसती ॲप कंपनी बसते का यावर वाद होऊ शकेल. शाळेच्या करारात तुमची भूमिका स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. सवलतीच्या आधारावर जाहिरात मात्र कोणालाही करता येणार नाही.

नेरूळची अनुवादक

एका मुद्द्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. संमती मागताना इंग्रजी किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत मजकूर वाचण्याचा पर्याय द्यावा लागणार आहे, आणि भाषा साधी व स्पष्ट हवी असे नियमच म्हणतात. माझ्याकडे मराठी करण्यासाठी जे मसुदे येतात त्यांत ‘आपल्या वैयक्तिक विदेवर प्रक्रिया करण्यात येईल’ असे वाक्य हमखास असते (विदा म्हणजे डेटा). ‘प्रक्रिया’ म्हटले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सांडपाण्याचे केंद्र येते. असे वाक्य वाचून दिलेली संमती ही समजून दिलेली कशी म्हणायची? (कायद्याच्या इंग्रजी पाठात व्यक्तीसाठी सर्वत्र ‘ती’ हे स्त्रीलिंगी सर्वनाम वापरले आहे. एवढा विचार करणाऱ्यांनी भाषांतरकारांचाही थोडा करायला हवा होता.)

वागळेवासी, तुमच्यासाठी एक कच्चा मसुदा देते. ‘आम्ही तुमचे नाव, तुमचा मोबाइल क्रमांक, मुलाचे नाव आणि त्याचा थांबा एवढीच माहिती घेतो. बस शाळेच्या फेरीवर असताना ती कुठे आहे हे तुम्हाला दाखवण्यासाठीच ही माहिती वापरतो. संमती काढून घ्यायची असल्यास खालचे बटण दाबा. चूक दुरुस्त करायची, माहिती पुसायची किंवा तक्रार करायची असल्यास या क्रमांकावर कळवा. आमच्या उत्तराने समाधान झाले नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येते.’ वकीलसाहेबांनी कायद्याच्या बाजूने तपासावे.

बेलापूरचा वकील

दोनच सूचना. संमती काढून घेणे हे देण्याइतकेच सोपे हवे, तेव्हा ते बटण तीन पडद्यांआड लपवू नये. आणि ही नोटीस अटी-शर्तींच्या पोटात न घालता स्वतंत्र वाचता येईल अशी ठेवावी. जुन्या पालकांनाही कायदा लागू झाल्यावर शक्य तितक्या लवकर अशी नोटीस द्यावी लागेल. त्यांनी दिलेली संमती काढून घेतली नाही तोवर काम चालू ठेवता येते.

वागळेवासी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ऐरोलीकरांनी सांगितलेला तक्ता करायला दोन नव्हे, चार दिवस लागले, आणि जे निघाले ते लिहायला लाज वाटते.

मुख्य डेटाबेस आम्हाला ठाऊक होता. त्याखेरीज एका शाळेच्या सहाशे मुलांची एक्सेल फाइल आमच्याकडून दोन वर्षांपूर्वी गेलेल्या प्रशिक्षणार्थी मुलाच्या खाजगी ड्राइव्हवर सापडली. त्याला फोन केला तेव्हा ती आपल्याकडे आहे हे त्यालाही आठवत नव्हते. बसमधील ताईंच्या मोबाइलवर थांब्यांच्या याद्या छायाचित्रांच्या रूपात आहेत. ॲपमधील त्रुटी आम्हाला कळवणाऱ्या एका बाहेरच्या सेवेकडे पालकांचे क्रमांक उघडे जात होते, आमच्या प्रोग्रामरना ते माहीतच नव्हते. आणि बसच्या ठिकाणांचा इतिहास २०२१ पासून एकदाही पुसलेला नाही. माझ्या भागीदाराने तक्ता पाहिला आणि सूट हा शब्द त्यानंतर उच्चारलेला नाही.

माई, शिबिराच्या जाहिरातीविषयी तुम्ही लिहिलेले वाचून मी आमची नोंद तपासली. गेल्या वर्षी एका शिबिरचालकाला आम्ही दोन शाळांच्या पालकांचे क्रमांक इयत्तांसह दिले होते. पैसे घेतले नव्हते, ओळखीचा म्हणून दिले होते. त्याने काही फरक पडत नाही हे आता कळते. शिबिरचालकाला यादी पुसायला लेखी कळवले आहे, आणि दोन्ही शाळांनाही.

आता आम्ही ठिकाणांचा इतिहास दर तीस दिवसांनी पुसायचे ठरवत आहोत. हे बरोबर ना?

बेलापूरचा वकील

थांबा, इथे एक खाच आहे. काम संपले की माहिती पुसावी हे तत्त्व योग्यच आहे, पण अंतिम नियमांतील आठव्या नियमाने वैयक्तिक माहिती व तिच्या वापराच्या नोंदी किमान एक वर्ष राखायला सांगितल्या आहेत, सरकारी यंत्रणेने कायदेशीर कामासाठी मागितल्यास देता याव्यात म्हणून. गोपनीयतेच्या कायद्याने माहिती अधिक काळ ठेवायला लावावे, यावर टीका झाली आहे आणि मला ती रास्त वाटते. पण नियम आहे तो आहे. तीस दिवसांनी ठिकाणांची माहिती पालकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या पडद्यावरून काढा, सांकेतिक रूपात वेगळी ठेवा, वर्षाने पुसा. २०२१ ते २०२४ चा साठा ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. शाळेशी बोलून तो पुसा, आणि पुसल्याची नोंद ठेवा.

ऐरोलीकर

त्यात भर: बॅकअपमधूनही पुसा. सगळे जण तेच विसरतात.

खारीगावचा कारखानदार

आणि खर्च किती आला? मी अजून तिथेच अडकलो आहे.

वागळेवासी (धागाकर्ता)

चार दिवसांचा पगार, त्रुटी कळवणाऱ्या सेवेची नवी मांडणी, दोन टप्प्यांचे लॉगिन आणि वकीलसाहेबांच्या ओळखीच्या एका तरुण वकिलांकडून करारातील कलमे, मिळून साधारण पंचेचाळीस हजार. चौसष्टपैकी एकोणीस प्रश्नांना ‘लागू नाही’ लिहिले, सात प्रश्नांना ‘अजून झालेले नाही, अमुक महिन्यापर्यंत करू’ असे लिहिले. शाळेच्या विश्वस्तांनी त्या सात उत्तरांवरच सर्वांत जास्त वेळ चर्चा केली, आणि नूतनीकरण एका वर्षासाठी केले. आम्ही तीन वर्षांचे मागितले होते. सल्लागार संस्थेचा काल पुन्हा फोन आला, आता दीड लाखात करून देतो म्हणाले.

तिरकस

धागा आणखी आठवडाभर वर ठेवा, फुकटात करतील.

माजिवड्याची आई

वागळेवासी, तुम्ही चूक उघडपणे मान्य केली याचे मला बरे वाटले, आणि रागही आला, दोन्ही खरे आहे. आमच्या शाळेच्या ॲपमध्ये आता तक्रारीचा क्रमांक दिसू लागला आहे. माझा क्रमांक बसखेरीज कशासाठीही वापरू नये, अशी विनंती मी त्यावर पाठवली आहे. उत्तराला जास्तीत जास्त नव्वद दिवस असे कुठेतरी वाचले. पाहू.

वागळेवासी (धागाकर्ता)

गेल्या दोन दिवसांत आमच्याकडे अशी एक विनंती आली. कोणाची, हे अर्थातच इथे सांगणार नाही. विनंती आल्यावर कोणी काय करायचे हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते, त्यामुळे सगळे एका टेबलाभोवती बसलो. तीन ठिकाणांहून तो क्रमांक काढायला पावणेदोन तास लागले. संध्याकाळी उत्तर पाठवायला बसलो तेव्हा आमच्या सर्वांत धाकट्या सहकारी मुलीने विचारले की, आपण एसएमएस ज्यांच्यामार्फत पाठवतो त्यांच्याकडे तो नसेल का? होता. तक्त्यात ती ओळ नव्हती. आज घातली.